पोत्यावरची चिठ्ठी : डायनॅमिक भाषांमधल्या जेनेरिक टाइपची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जिथे अडखळलो तिथलं थोडं नीट केलंय, बाकी बोली तशीच ठेवलीय. कोड तोंडी सांगितला होता, म्हणून इथेही शब्दांतच लिहितोय. कंस आणि अवतरणचिन्हं तेवढी मनात काढून घ्या.

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या एका चुकीने करतो.

2024 च्या सुरुवातीची गोष्ट. तुरीचा भाव दहा हजारांच्या आसपास घुटमळत होता. मी आणि माझे दोन मित्र, तिघांनी नोकरी सांभाळून एक छोटंसं ॲप केलं होतं. जालन्याच्या मोंढ्यातले दिवसभराचे भाव एक मित्र गुगल शीटमध्ये भरायचा, माझा पायथनचा कोड ते उचलायचा आणि त्या दिवसाचा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त भाव मोबाईलवर दाखवायचा. वापरणारे कोण? घरचे, गावचे, पाहुणेरावळे. शंभरच्या आत माणसं. त्यातच घनसावंगी तालुक्यातले माझे काका.

काकांकडे चौदा क्विंटल तूर होती. गावातला व्यापारी म्हणाला, जागेवर 9,700 देतो. काकांनी ॲप उघडलं. आजचा जास्तीत जास्त भाव 9,850. गाडीभाडं, हमाली, वर एक दिवस मोडणार, दीडशे रुपयांसाठी कोण जातंय जालन्याला? काकांनी तूर गावातच घातली. संध्याकाळी त्यांना कळलं की मोंढ्यात त्या दिवशी वरची बोली 10,150 ला गेली होती. आता, त्यांच्या मालाला वरचाच भाव मिळाला असता असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण चौदा क्विंटलला साडेचारशेचा फरक म्हणजे 6,300 रुपये होतात, आणि निर्णय माझ्या आकड्यावर झाला होता. काकांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. "काहून रे, तुझ्या मोबाईलला दहा हजाराच्या वर मोजता येत नाही का?"

गंमत अशी, की काकांचं निदान जवळजवळ बरोबर होतं.

शीटमधून येणारे भाव अवतरणचिन्हांत येत होते. म्हणजे कोडच्या दृष्टीने ती संख्या नव्हती, मजकूर होता. मजकुराची तुलना शब्दकोशासारखी होते. आधी पहिलं अक्षर बघायचं, ते सारखं असेल तरच दुसरं. "9850" चं पहिलं अक्षर 9, "10150" चं पहिलं अक्षर 1. नऊ मोठा, विषय संपला. जोवर सगळे भाव चार आकडी होते तोवर मजकूर म्हणून तुलना करा की संख्या म्हणून, उत्तर एकच यायचं. आठ महिने कोड बिनबोभाट चालला. तुरीने दहा हजार ओलांडले, त्याच दिवशी तो चुकला.

आणि कोडमध्ये मी काय लिहिलं होतं माहितीये? 'भाव', पुढे कोलन, पुढे लिस्ट, आणि चौकटी कंसात इंट. अर्थ सरळ आहे : ही पूर्णांकांची यादी आहे. मीच माझ्या हाताने लिहिलेलं. पायथनने ते वाचलं, मान डोलावली आणि यादीत मजकूर खुशाल भरू दिला.

भाषा एखादी गोष्ट लिहायला देते, पण ती खरी आहे की नाही हे बघत नाही. असं का ठरलं, कोणी ठरवलं, त्याची ही गोष्ट.

आधी शब्द समजून घेऊ. जेनेरिक म्हटलं की आपल्याला मेडिकलमधलं स्वस्त औषध आठवतं. इथे अर्थ वेगळा. रिकामं बारदान डोळ्यांसमोर आणा. पोतं शिवणारा ते एकदाच शिवतो. त्यात तूर भरणार की सोयाबीन की हरभरा, त्याला देणंघेणं नसतं. भरताना ठरतं, आणि एकदा ठरलं की पोत्यावर चिठ्ठी लागते : तूर. त्यानंतर त्यातून मूठभर काढलं तर तूरच निघाली पाहिजे. प्रोग्रामिंगमध्ये यादी, रांग, शब्दकोश ही सगळी अशी पोती. 'कशाची यादी?' ही रिकामी सोडलेली जागा म्हणजे टाइप पॅरामीटर, आणि अशी जागा असलेला टाइप म्हणजे जेनेरिक टाइप. यादी उलटी करायचा कोड एकदाच लिहायचा, तो संख्यांनाही चालतो, नावांनाही. आणि आत संख्यांची यादी दिली तर बाहेर संख्यांचीच येते, एवढी खात्री मिळते.

ही कल्पना जुनी आहे. ख्रिस्तोफर स्ट्रेची या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञाने 1967 साली कोपनहेगनमधल्या व्याख्यानांत तिला पॅरामेट्रिक पॉलिमॉर्फिझम असं भारदस्त नाव दिलं. पुढे 1970 च्या दशकात एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह यांच्या सीएलयू भाषेत आणि एडिनबरात रॉबिन मिल्नर यांच्या एमएल भाषेत ती प्रत्यक्षात आली. या दोन्ही ठिकाणी प्रोग्राम चालण्याच्या आधीच तपासणी व्हायची. चिठ्ठीशी न जुळणारा एक दाणा दिसला तरी पोतं दारातच अडवलं.

दुसरीकडे लिस्पचं घराणं होतं, जॉन मॅकार्थी यांनी 1958 मध्ये सुरू केलेलं. तिथे विचारच उलटा. प्रत्येक किंमत स्वतःची ओळख स्वतःबरोबर घेऊन फिरते : मी संख्या आहे, मी मजकूर आहे. दाण्यादाण्यावर नाव लिहिलेलं असेल तर पोत्यावर वेगळी चिठ्ठी कशाला? काढा, बघा, वापरा. नको ते निघालं तर तेव्हाच्या तेव्हा एरर. यालाच आपण डायनॅमिक भाषा म्हणतो. स्मॉलटॉक याच वाटेने गेली. 1991 मध्ये पायथन आली. 1995 या एका वर्षात जावास्क्रिप्ट, रुबी आणि पीएचपी तिन्ही लोकांसमोर आल्या. या लोकांना जेनेरिकबद्दल विचारणं म्हणजे मोंढ्यात जाऊन पार्किंगचं तिकीट मागण्यासारखं होतं. गरजच नाही ना!

बरं, स्टॅटिक भाषावाल्यांनीही फार टेंभा मिरवायला नको. जावासुद्धा 1995 चीच, आणि 2004 पर्यंत तिच्या याद्यांवरही चिठ्ठी नव्हती. यादीत काहीही टाका आणि काढताना 'हा मजकूर आहे, शपथ' असं सांगा. शपथ खोटी निघाली की प्रोग्राम आडवा.

मग डायनॅमिक भाषांमध्ये चिठ्ठीची गरज पहिल्यांदा कोणाला वाटली? मला सापडलेल्यांपैकी सगळ्यांत रंजक नाव गिलाड ब्राखा. त्यांनी आणि डेव्हिड ग्रिसवोल्ड यांनी 1993 मध्ये स्ट्राँगटॉक नावाची व्यवस्था मांडली. स्मॉलटॉकसारख्या पूर्ण डायनॅमिक भाषेला टाइप, आणि तेही जेनेरिकसकट. कारण व्यवहारी होतं. प्रोग्राम मोठे झाले होते. दुसऱ्याने दोन वर्षांपूर्वी लिहिलेल्या फंक्शनला यादी द्यायची तर ती कशाची, हे कळायला आतला सगळा कोड वाचावा लागायचा. दाण्यावर नाव असतं हे खरं, पण ते वाचायला पोतं उघडावं लागतं, म्हणजे प्रोग्राम चालवावा लागतो.

त्यांचा मुख्य निर्णय असा : टाइप लिहिणं ऐच्छिक, आणि लिहिले तरी प्रोग्राम चालताना त्यांच्याकडे कोणी बघायचं नाही. तपासणारं यंत्र वेगळं, चालवणारं यंत्र वेगळं. आज पायथन आणि टाइपस्क्रिप्ट ज्या तत्त्वावर उभ्या आहेत ते हेच.

पुढचा भाग मला एखाद्या पिक्चरसारखा वाटतो. स्ट्राँगटॉकच्या मंडळींनी ॲनिमॉर्फिक नावाची छोटी कंपनी काढली होती. 1997 मध्ये ती सनने विकत घेतली, पण टाइपसाठी नव्हे. सनला हवा होता त्यांचा वेग. त्यातून पुढे जावाचं हॉटस्पॉट इंजिन तयार झालं आणि जेनेरिकवाली स्मॉलटॉक कपाटात गेली. ब्राखा मात्र विषय सोडायला तयार नव्हते. 1998 मध्ये मार्टिन ओडर्स्की, डेव्हिड स्टाउटेमायर आणि फिलिप वॉडलर यांच्याबरोबर त्यांनी जावासाठी जेनेरिकचा प्रस्ताव मांडला, आणि तो 2004 मध्ये जावा 5 मध्ये आला. तिथेही एक मेख होती. जुना कोड आणि नवा कोड एकत्र चालले पाहिजेत म्हणून तपासणी झाल्यावर चिठ्ठी फाडून टाकायची असं ठरलं. याला इरेजर म्हणतात. 'मजकुराची यादी' प्रोग्राम चालू झाल्यावर नुसती 'यादी' उरते. मुलाखतीत हा प्रश्न हमखास विचारतात, मलाही विचारला होता आणि मी पाठ केलेलं उत्तर दिलं होतं. त्यामागचा इतिहास कळला असता तर उत्तर जरा जिवंत झालं असतं.

आता पायथन. ग्विडो व्हॅन रॉसम यांनी 2004 च्या डिसेंबरमध्ये पायथनला ऐच्छिक टाइप देण्याचा विचार जाहीरपणे लिहून बघितला. लोक भडकले. पायथनचं पायथनपण जाणार, तिची जावा होणार, वगैरे वगैरे. ग्विडो मागे आले. मग 2008 च्या पायथन 3 मध्ये एक मधली वाट निघाली : फंक्शनला टिपणं जोडता येतील, पण त्या टिपणांचा अर्थ काय हे भाषा सांगणार नाही. चिठ्ठी चिकटवायला जागा केली, चिठ्ठीवर काय लिहायचं ते नंतर बघू. हे तर अगदी आपल्याकडच्या सरकारी इमारतीसारखं, आधी उद्घाटन आणि मग कार्यालय.

दरम्यान केंब्रिजमध्ये युक्का लेहतोसालो नावाचा फिनलंडचा विद्यार्थी पीएचडी करत होता. विषय असा, की एकच भाषा छोट्या स्क्रिप्टपासून मोठ्या प्रोग्रामपर्यंत हळूहळू कशी वाढू शकेल. अर्धा कोड टाइपवाला, अर्धा बिनटाइपचा, दोन्ही शेजारी नांदतील अशी. या विचाराला जेरेमी सीक आणि वालिद ताहा यांनी 2006 मध्ये ग्रॅज्युअल टायपिंग असं नाव दिलं होतं. युक्काचं मायपाय हे तपासयंत्र आधी पायथनसारख्या दिसणाऱ्या, पण थोड्या वेगळ्या लिखावटीवर चालायचं. 2013 मध्ये सांता क्लारातल्या पायकॉन परिषदेत त्याने ते दाखवलं. ग्विडोंनी त्याला सुचवलं की वेगळी लिखावट सोड, पायथन 3 मधली टिपणंच वापर. रिकामी ठेवलेली जागा अशी पाच वर्षांनी भरली.

ग्विडो, युक्का आणि लुकाश लांगा यांनी लिहिलेला पेप 484 हा प्रस्ताव 2015 मध्ये पायथन 3.5 बरोबर लागू झाला. पायथन डायनॅमिकच राहील आणि टाइप लिहिणं कधीही सक्तीचं करायची इच्छा नाही, हे त्यात स्वच्छ लिहिलंय. सुरुवातीला लिस्टचा एल मोठा, कारण खऱ्या लिस्टला चौकटी कंस लावताच येत नव्हते. टायपिंग नावाच्या मॉड्यूलमधून वेगळी लिस्ट आणावी लागायची. 2020 च्या पायथन 3.9 पासून साधी लिस्ट चालायला लागली. आणि 2023 च्या 3.12 मध्ये स्वतःचा जेनेरिक क्लास किंवा फंक्शन लिहायची सुटसुटीत पद्धत आली. आठ वर्षं जी कसरत करावी लागायची ती एका ओळीवर आली.

पण आत काय बदललं? एक प्रयोग करा, आत्ता, मोबाईलवर पायथनचं ॲप असेल तर त्यातही होईल. लिस्ट लिहा, चौकटी कंसात इंट, त्याच्यापुढे साधा कंस आणि त्यात एक यादी, जिच्यात अवतरणचिन्हांत 'तूर' हा शब्द आहे. एंटर मारा. पूर्णांकांच्या यादीत तूर आलेली दिसेल, एररचा पत्ता नाही. आता पायथनला विचारा, ही वस्तू पूर्णांकांची यादी आहे का? त्यासाठीचं आयएसइन्स्टन्स वापरा. इथे मात्र टाइप एरर येते. हा प्रश्नच विचारू नका म्हणते. मला हे वागणं तसं प्रामाणिक वाटतं. खोटं उत्तर देण्यापेक्षा उत्तरच देत नाही.

जालन्याच्या माणसाला ही व्यवस्था ओळखीची वाटायला हवी. आपलं गाव बियाण्यांचं. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथेच महिको सुरू केली, पुढे 1998 मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. बियाणं ही अशी वस्तू आहे की नुसतं बघून काही कळत नाही. संकरित आणि बिनसंकरित दाणा शेजारी ठेवला तर तुम्हाआम्हाला सारखाच. खरं काय ते पीक फुलोऱ्यात आल्यावर कळतं, आणि तेव्हा हंगाम निघून गेलेला असतो. म्हणून 1966 च्या बियाणे कायद्याने पिशवीवरच्या लेबलला महत्त्व आलं. त्यातल्या दोन टॅगकडे बघा. निळा टॅग प्रमाणित बियाण्याचा. त्यासाठी प्रमाणीकरण यंत्रणेची माणसं उभ्या पिकात येऊन भेसळीची झाडं बघतात, दोन वाणांमधलं अंतर बघतात, मग प्रयोगशाळेत उगवण तपासली जाते, तेव्हा टॅग. हिरवा टॅग सत्यप्रत बियाण्याचा. तिथे उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर सांगतो की पिशवीत हे आहे आणि एवढी उगवण आहे. अधिसूचित वाणांसाठी लेबल सक्तीचं, प्रमाणीकरण मात्र ऐच्छिक. खासगी कंपन्यांचं बरंचसं संकरित बियाणं या हिरव्या टॅगवरच विकलं जातं, आणि बहुतेक वेळा ते व्यवस्थित उगवतं.

माझं लिस्ट-चौकटी कंसात-इंट हा हिरवा टॅग होता. मायपाय चालवलं असतं तर निळा झाला असता. मी चालवलंच नव्हतं. तीन मित्रांचं ॲप, कोण चालवतंय?

आता तुम्ही म्हणाल, पायथनने प्रोग्राम चालतानाच तपासायला काय हरकत होती? याचं उत्तर खर्चात आहे. दहा लाख आकड्यांची यादी एका फंक्शनला दिली, तर ती पूर्णांकांचीच आहे हे बघायला दहा लाख दाणे उपसावे लागतील. पुढच्या फंक्शनला दिली की पुन्हा. आणि तपासल्यानंतर कोणी त्याच यादीत गुपचूप मजकूर घातला तर? मग यादीभोवती पहारेकरी उभा करायचा, जो प्रत्येक ये-जा बघेल. रॅकेट या भाषेत संशोधकांनी हे प्रामाणिकपणे करून बघितलं होतं. 2016 मध्ये त्याचं मोजमाप प्रसिद्ध झालं. टाइपवाला आणि बिनटाइपचा कोड मिसळला की काही ठिकाणी प्रोग्राम शंभर पटींहून जास्त मंद होत होता. मोंढ्यात प्रत्येक पोतं जमिनीवर ओतून तपासायचं ठरवलं तर दिवसात चार गाड्याही खाली होणार नाहीत. म्हणून आडत्या काय करतो? पोत्यात पोकळ लोखंडी सळी खुपसतो, मूठभर दाणे काढतो, तळहातावर बघतो. हे वाचून हसाल, पण पायथनमध्ये बेअरटाइप नावाची एक लायब्ररी नेमकं हेच करते. यादीतला एकच दाणा, तोही चिठ्ठी टाकल्यासारखा कुठलातरी निवडून, तपासते आणि पुढे जाऊ देते. माझ्या यादीतला तर प्रत्येक दाणा चुकीचा होता. पहिल्याच खेपेला सापडला असता.

अपवाद आहे, आणि त्यात आपल्याकडचा माणूस आहे. 2012 च्या फेब्रुवारीत ज्युलिया ही भाषा जाहीर झाली. तिच्या चार निर्मात्यांमध्ये जेफ बेझनसन, स्टीफन कारपिन्स्की आणि ॲलन एडेलमन यांच्याबरोबर विरल शाह आहेत. तेच, ज्यांनी आधारच्या कामात भाग घेतला आणि नंदन निलेकणींबरोबर पुस्तक लिहिलं. ज्युलिया डायनॅमिक आहे, पण तिच्या पोत्यावरची चिठ्ठी खरी असते. पूर्णांकांची यादी म्हणून तयार केली की ती चालू प्रोग्राममध्येही पूर्णांकांचीच. त्यात अवतरणातला 10150 ढकलून बघा, जागेवर एरर. यामागे शिस्तीपेक्षा वेगाची गरज मोठी होती. सगळे दाणे एकाच आकाराचे आहेत हे आधी माहीत असेल तर ते मेमरीत एकाला एक लागून ठेवता येतात, दाण्यादाण्यावर नाव लिहायची गरज राहत नाही, आणि आकडेमोड सी भाषेच्या जवळपास पळते. पायथन दाण्यावर लिहिते, ज्युलिया पोत्यावर. दोघी डायनॅमिकच.

बाकीच्यांचं थोडक्यात. टाइपस्क्रिप्ट 2012 मध्ये आली, पुढच्या वर्षी तिच्यात जेनेरिक आले, आणि जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर होताना सगळ्या चिठ्ठ्या गळून पडतात. रुबीने 2020 मध्ये टाइपसाठी वेगळी फाईलच केली, म्हणजे मूळ कोड सोवळ्यात राहील. पीएचपीत भाषेच्या पातळीवर अजूनही जेनेरिक नाहीत. लोक ते कॉमेंटमध्ये लिहितात आणि पीएचपीस्टॅनसारखी यंत्रं ती कॉमेंट वाचून तपासतात. डार्ट, जिच्यावर फ्लटर चालतं, तिच्या रचनेत पुन्हा आपले ब्राखा होते. 2011 ची पहिली डार्ट ऐच्छिक टाइपवाली, 2018 ची दुसरी कडक. एकाच भाषेने सात वर्षांत हिरव्याचा निळा टॅग केला. ज्यांनी तेव्हा जुना कोड नव्यात आणला त्यांना विचारा कसं वाटलं.

एक गोष्ट राहिली, ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण मायपायचा पहिला एरर बहुतेकांना इथेच भेटतो. मोसंबीची क्रेट ही फळांची क्रेट आहे का? जालन्याच्या मोसंबीला जीआय मानांकन आहे, तेव्हा भेसळ तर चालणारच नाही. मोसंबी हे फळ आहे, कबूल. मग फळांची क्रेट मागणाऱ्याला मोसंबीची क्रेट देऊ? तो फक्त बघणार, मोजणार, खाणार असेल तर बिनधास्त द्या. पण त्याला क्रेटमध्ये भर घालायची मुभा असेल, तर त्याच्या दृष्टीने ती फळांची क्रेट आहे, तो त्यात पेरू टाकेल, आणि तुम्ही नंतर मोसंबी समजून पेरू सोलत बसाल. म्हणून मायपाय यादीच्या बाबतीत 'नाही' म्हणतं आणि फक्त वाचायच्या सीक्वेन्सला 'हो' म्हणतं. टाइपस्क्रिप्टने सोयीसाठी इथे डोळेझाक केलीय. मला विचाराल तर मायपायचा हट्ट बरोबर आहे. नवख्या माणसाला समजेल असा एरर मात्र त्याला अजून देता यायला हवा.

आता परत माझ्या चुकीकडे. काकांच्या फोननंतर रात्री मी मायपाय बसवलं आणि आमच्या कोडवर चालवलं. धडधडत होतं. उत्तर आलं : यशस्वी, एकही दोष नाही.

मी दोनदा चालवलं. तेच. पंधरा मिनिटं नुसता स्क्रीनकडे बघत होतो. मग कळलं. शीटमधला माल जेसनच्या रूपात येत होता, आणि जेसन उघडणारं फंक्शन जे परत देतं त्याचा टाइप आहे एनी. म्हणजे काहीही. ग्रॅज्युअल टायपिंगची सगळी इमारत या एका शब्दावर उभी आहे. जुना बिनटाइपचा कोड आणि नवा टाइपवाला कोड एकत्र नांदावा म्हणून एनी कशालाही चालतो आणि एनीला काहीही चालतं. मी त्या 'काहीही'ला पूर्णांकांची यादी म्हटलं, आणि मायपाय म्हणालं, तू म्हणतोस तर असेल. शेत तपासायला आलेल्या माणसाला मी शेत दाखवलंच नव्हतं, बाहेरून आणलेली पिशवी दाखवली होती.

म्हणून निळा टॅगसुद्धा आपल्या कुंपणाच्या आतच खरा. बाहेरून माल आत येतो त्या दारावर दाणे बघायला माणूस बसवावा लागतो. आम्ही पायडँटिक बसवलं. ते अवतरणातला आकडा स्वतःच संख्येत बदलतं, आणि बदलता आला नाही तर दारातच ओरडतं. एकूण अकरा ओळी लागल्या. शीट भरणाऱ्या मित्राने दुसऱ्याच दिवशी एका खान्यात '10200 रु.' असं लिहिलं आणि ते ओरडलं. तेव्हा जे बरं वाटलं!

काका ॲप अजून वापरतात. पण माल काढायच्या दिवशी आधी मोंढ्यातल्या ओळखीच्या हमालाला फोन लावतात, मग ॲप उघडतात, आणि दोन्ही आकडे जुळले तर मला अंगठ्याचा इमोजी पाठवतात. या हंगामात सहा आलेत.

पुढच्या भागात मजकुराचीच गोष्ट : देवनागरी अक्षरं संगणकात कशी शिरली, आणि 'क्ष'ची लांबी मोजली तर एक का येत नाही. भेटू.